इद्रिसच्या वावरातली सीतादही

याडी, म्हणजे माझी आई, गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं विमलताईंना मुदतवाढ कशी मिळवावी ते शिकवलं.

विमलताई म्हणजे मारेगावला माझ्या शाळेच्या क्वार्टरशेजारी राहणाऱ्या पोस्टमास्तरांच्या पत्नी. त्यांच्या भाच्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख टळली होती. याडी आणि बापू हिवाळाभर माझ्याकडे राहायला आले होते. याडी अंगणात अंबाडी निवडत बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण कचेरीच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नसे.

"ताई, पैले पोच घ्या," ती म्हणाली. "अर्जाचं काय व्हाचं ते होईन. पोच हातात नसन तं तुमी त्या कचेरीत गेल्याच नाई असं समजा. अन् बाबूजीसमोर रडू नका. रडनारे त्याइले रोज भेटते."

विमलताईंनी विचारलं, "तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक?"

"मी एका परदेशी पोराचं साल खाल्लं होतं," याडी म्हणाली, आणि स्वतःच हसू लागली. ही गोष्ट ती नेहमी हसतच सांगायची. मी आत वह्या तपासत होते. तशीच तपासत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूल पेटवायला उठली आणि चुलीपाशीच गेली. त्याविषयी मी इथे लिहिणार नाही. मला ते नीट लिहिता येत नाही. मुदतवाढीविषयी मात्र लिहिता येतं. त्या मुदतवाढीच्या कागदपत्रांतली निम्मी माझ्याच अक्षरात होती.

१९५८ सालची गोष्ट. आमचा बंजाऱ्यांचा तांडा आर्णीपासून पायी दीड तासावर. बापू, म्हणजे माझे वडील फुलसिंग गुरुजी, तांड्याच्या शाळेत शिकवत. घरात आम्ही गोरमाटी बोलतो, पण वाचणाऱ्याच्या सोयीसाठी इथे सगळ्यांना वऱ्हाडीतच बोलायला लावते आहे. याडीला ते आवडलं नसतं. बाजारात जाताना बोलायची बोली घरात कशाला, असं ती म्हणायची.

त्या पावसाळ्यात इद्रिस हमद नावाचा विद्यार्थी आमच्याकडे आला. तो सुदान देशाचा, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, शेतकीची वरची पदवी घ्यायला आपल्याकडच्या एका कॉलेजात आलेला. त्याचा अभ्यास कपाशीचा होता. काळ्या जमिनीवर प्रयोग कर, असं त्याच्या प्राध्यापकांनी सांगितलं. कुणीतरी बापूंचं नाव सुचवलं. बापूंनी अर्धा एकर दिला आणि शाळेची मागची खोली दिली. दोन महिन्यांत तो वऱ्हाडी बोलू लागला आणि माझ्या आईला याडी म्हणू लागला. त्याच्या गावाकडेही कापूसच पिकतो आणि बायकाच वेचतात, हे कळल्यावर तांड्यानं त्याला परका मानणं सोडून दिलं.

प्रयोग असा होता. दोनशे चाळीस झाडं. प्रत्येक झाडाला दोऱ्यानं बांधलेली एक कागदी चिठ्ठी, तिच्यावर जांभळ्या पेन्सिलीनं नंबर. प्रत्येक झाडाचा कापूस वेगळा वेचायचा, वेगळा तोलायचा, वहीत मांडायचा. त्या वहीवर त्याची पदवी. पदवीची परीक्षा मार्चअखेर, आणि या देशात राहण्याची त्याची परवानगी संपायचीही तीच तारीख. त्यानंतर पदवी असो नसो, त्याला जहाजात बसावं लागणार होतं.

चिठ्ठ्यांवरचे नंबर मी घातले होते. माझं अक्षर चांगलं आहे, असं इद्रिसनं म्हटल्यापासून मी स्वतःला त्या संशोधनाची भागीदार समजत होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोंडं फुटली. लहान तराजू आणायला इद्रिस दोन दिवसांसाठी कॉलेजात गेला. जाताना मला म्हणाला, "ताई, मी येऊस्तर कोनाले हात लावू देऊ नका. तुमच्यावर सोडून चाललो." मी शास्त्रज्ञाला शोभेल अशी मान हलवली. मी सतरा वर्षांची होते, मॅट्रिकला बसणार होते, आणि आर्णीच्या वाचनालयातून आणलेली एक कादंबरी मला तीन दिवसांत परत करायची होती.

आता सीतादहीविषयी सांगायला हवं. आमच्या भागात कपाशीची वेचणी सुरू करण्याआधी बायका वावरात जातात, एका झाडाला हळदकुंकू वाहतात, दहीभात चारी दिशांना शिंपडतात आणि मग पहिला कापूस वेचतात. ही रीत तांड्यानं शेजारच्या गावाकडून घेतली आणि गावापेक्षा जास्त निष्ठेनं पाळली. सीतादही न करता वेचलेला कापूस लाभत नाही, असं याडीचं ठाम मत होतं.

इद्रिसच्या वावराची सीतादही कोण करणार, हा प्रश्न तिला दिवाळीपासून सतावत होता. पोराची माय समुद्रापलीकडे. बहीण जवळ नाही. तिनं तांड्यातल्या दहा बायका गोळा केल्या, दहीभात केला, आणि इद्रिस यायच्या आदल्या सकाळी वावरात हजर झाली. अकरा जणींनी मिळून वेचलं तर दुपारपर्यंत अर्धा एकर होतो. पोरगा दमून भागून येईल आणि कापूस खोलीत रचलेला पाहील, एवढाच तिचा बेत होता.

मी मचाणावर होते. कादंबरीची नायिका विहिरीच्या काठावर उभी होती. खालून याडीनं हाक मारली, "बाई, याची सीतादही करून टाकतो. वेचून घिऊ ना हे सारं?"

मी म्हटलं, "हो."

मी मान वर केली नाही. नायिकेनं पुढची चाळीस पानं काठावरच काढली आणि शेवटी उडी मारलीच नाही. लेखकांनी अशा गोष्टी वेळेवर सांगायला हव्यात.

मी मान वर केली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि वावर मोकळं झालं होतं. इतकी नीट वेचणी मी आजवर पाहिलेली नाही. कापसाचा एकच ढीग इद्रिसच्या खोलीत रचला होता. दोनशे चाळीस चिठ्ठ्या झाडांवरून सोडून, चांगला कागद वाया जाऊ नये म्हणून, एकावर एक सरळ लावून वर दगड ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी इद्रिस तराजू घेऊन आला. दारात उभा राहून त्यानं ढिगाकडे पाहिलं, मग चिठ्ठ्यांकडे पाहिलं, आणि उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "याडी, लई मेहनत केली तुमी." एवढंच. तो ओरडला असता तर आम्हा सगळ्यांना बरं वाटलं असतं.

काय झालं ते बापूंनी याडीला समजावलं, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. बापूंनी विचारलं, "अन् पोरगी मचानावर होती ना? थे काय करून राह्यली होती?"

मी तोंड उघडणार होते. त्याआधी याडी म्हणाली, "मीच तिले पान्याले धाडलं होतं. तिले काय माहीत."

मी तोंड मिटलं.

यात काय होतं ते सांगते. माझं पुस्तक वाचणं तांड्यात आधीच चर्चेला आलं होतं. धावजी नाईकांनी, म्हणजे आमच्या तांड्याच्या प्रमुखांनी, बापूंना दोनदा सुचवलं होतं की पोरीचं लग्न करा, डोळे जायच्या आत. बापू ना हो म्हणत, ना नाही म्हणत. मी कादंबरी वाचत बसले म्हणून परदेशी पाहुण्याचं वर्ष बुडालं, हे त्या संध्याकाळी कळलं असतं, तर बापूंचं उत्तर तिथेच ठरलं असतं. याडीला अक्षर येत नसलं तरी हा हिशेब तिनं माझ्याआधी केला.

त्या संध्याकाळी सल्ले सुरू झाले.

वेचणाऱ्यांतली, फुलसावंगी माहेरची सुखीबाई म्हणाली, चिठ्ठ्या परत बांधा. कोण कुठल्या ओळीत वेचत होतं ते सगळ्यांना आठवतं. मग अकरा जणी ढिगाभोवती बसल्या. "हा माया हातचा, मी सातव्या ओळीत होती," असं म्हणत सुखीबाईनं एक मूठ वेगळी काढली. "सातव्या ओळीत मी होती, तू तं बांधावर बसून पान खात होती," असं दुसरी म्हणाली. तासाभरात कापूस होता तसाच राहिला आणि दोघींचं बोलणं बंद झालं, ते होळीपर्यंत.

धावजी नाईकांना मूळ अडचणच मान्य नव्हती. "मुदत म्हंजे काय?" ते म्हणाले. "आपले आजे बैलाइवर मीठ लादून अर्धा मुलूख फिरले. कोनी इचारलं नाई कवा आला अन् कवा जाशीन. पोराले तांड्याचा करून घ्या. नाईक मी आहो, सही मी करतो." इद्रिसनं त्यांचे आभार मानले. सही त्यांना येत नव्हती हे कुणी काढलं नाही.

प्राध्यापकांचं पत्र आलं: प्रयोग पुन्हा, म्हणजे आणखी एक हंगाम. त्यासाठी कॉलेजनं अभ्यासक्रम एक वर्ष वाढवायला हवा आणि सरकारनं राहण्याची परवानगी एक वर्ष वाढवायला हवी. सोबत पिकाच्या नुकसानीचा दाखला जोडावा.

पटवारी रामधनजी आले आणि त्यांनी कापडी बांधणीची वही उघडली. नुकसानीची कारणं सहा: पाऊस न पडणं, जास्त पडणं, गारपीट, टोळधाड, आग, जनावरं.

"याच्यातलं कोनतं?" त्यांनी विचारलं.

बापूंनी खाली पाहत सांगितलं, "बायका."

रामधनजींनी लेखणी कानामागे खोचून विचार केला. "जनावरात घालू का?"

याडीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ती सूचना मागे घेतली. मग त्यांनी खोलीतला ढीग पाहिला, मुठीत कापूस घेऊन दाबला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "गुरुजी, हे तं सोळा आणे पीक आहे. याले नुकसान म्हनलं तं माही नोकरी जाईन."

त्यांनी पोलीस ठाण्याची वाट दाखवली. तिथल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून विचारलं, वावर कुणाचं? बापू म्हणाले, माझं. वेचलं कोणी? माझ्या बायकोनं. कापूस कुठे आहे? माझ्याच घरी. हवालदारांनी बापूंना पाणी दिलं आणि उन्हात फार फिरू नका म्हणून सांगितलं. डिसेंबर महिना होता. त्या दिवसापासून बापू ठाण्यावरून जाताना छत्री आडवी धरत.

अर्ज लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी चार पानं इंग्रजी लिहिलं. सुरुवात मानवी संस्कृतीतल्या कापसाच्या स्थानापासून केली होती, आणि तिसऱ्या पानावर इद्रिस येत होता. आर्णीला रहमतमियाँ टाइप करून देत. त्यांनी चारही पानं चष्मा पुसून वाचली, "बहोत उमदा," म्हणाले, आणि तीन ओळी टाइप केल्या. बाकीचं कुठे गेलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बेटी, साहब को तीन ही पढने का टाइम रहता." माझी चार पानं त्यांनी घडी करून मला परत दिली. ती आजही माझ्याजवळ आहेत आणि माझ्या मते चांगली आहेत.

जिल्ह्याच्या गावी परदेशी माणसांची नोंद ठेवणारी कचेरी होती. तिथे लखीरामबाबू बसत: गळ्यात मफलर, टेबलावर फुटाण्यांची पुडी. त्यांनी तीन ओळी वाचल्या.

"कापसाची परीक्षा होती?"

बापू म्हणाले, "हो."

"कापूस चांगला निघाला?"

"लई चांगला."

"मग पोरगा अडकला कशात?"

बापूंनी सगळं सांगितलं. लखीरामबाबूंनी ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा बहुधा गंमत म्हणून. मग म्हणाले, कॉलेजनं अभ्यासक्रम वाढवल्याचं पत्र आणा, मग परवानगी वाढवता येते. बापू आणि इद्रिस कॉलेजात गेले. तिथे सांगितलं, परवानगी वाढल्याचा कागद आणा, मग अभ्यासक्रम वाढवता येतो. दोघे परत लखीरामबाबूंकडे. लखीरामबाबूंचा नियम बरोबर होता. कॉलेजचाही बरोबर होता. जानेवारीभर बापूंचा एकुलता कोट या दोन बरोबर नियमांच्या मधल्या बसमध्ये होता. इद्रिस प्रत्येक खेपेला याडीसाठी काहीतरी आणायचा, कधी संत्री, कधी सुईचं पाकीट, आणि ती प्रत्येक वेळी आत जाऊन थोडा वेळ बाहेर यायची नाही.

फेब्रुवारीत लखीरामबाबूंनी निरोप धाडला, की ज्या बाईनं कापूस वेचला तिचा जबाब हवा. याडी, बापू, इद्रिस आणि मी, असे चौघे गेलो. जबाब लिहून घ्यायला मी, कारण घरातलं लिहायचं काम माझ्याकडेच होतं.

लखीरामबाबू विचारत गेले. नाव बसंतीबाई. वय? "पैल्या मोठ्या दुष्काळानंतरचं," याडी म्हणाली; मी पन्नास लिहिलं. रीत कोणती, का करतात, दही गाईचं की म्हशीचं. हे शेवटचं कागदाला लागत नव्हतं, त्यांना स्वतःला जाणून घ्यायचं होतं.

मग त्यांनी विचारलं, "वेचायच्या आधी कुणाला विचारलं होतं का?"

मी लेखणी धरून होते. याडी माझ्या शेजारी बाकावर होती. तिचा हात माझ्या हाताला लागलेला होता.

"नाई," ती म्हणाली. "कोनालेच नाई. मीच मायी शहानी."

मी ते लिहिलं. स्पष्ट, सरळ अक्षरात, काना-मात्रा न चुकता लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

"पुढच्या साली पुन्हा असं होणार नाही, याची हमी?"

"पुढच्या साली बांधावर दहीभात ठेवीन अन् हात मागं धरून उभी राहीन. तो बोलावन तवाच पाय टाकीन." मग ती म्हणाली, "बाबूजी, तुमी सांगा. त्याच्या मायनं पोटचं पोर इतक्या लांब धाडलं. थे परत गेल्यावर ती त्याले इचारन, का रे, काय शिकून आला. तो काय सांगन? त्या तांड्यात एक बाई होती, तिनं मायं साल खाल्लं? मले लेकरू नाई का? मले समजत नाई का?"

ती रडली नाही. लखीरामबाबूंनी पुडीतले फुटाणे उगाच इकडचे तिकडे केले. मग इद्रिसला म्हणाले, "तुमचा अर्ज मी आज दाखल करतो. दाखल झाल्याची पोच देतो. परवानगी दिली असं तीत नाही. विचाराधीन आहे, एवढंच. पण तो सरकारी कागद आहे. कॉलेजला कागद हवा ना? हा दाखवा."

कॉलेजनं पोच पाहून पत्र दिलं. पत्र पाहून वरून परवानगी आली. तारीख संपायला अकरा दिवस होते. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: स्थानिक रितीमुळे पिकाची अवेळी वेचणी. रामधनजींनी तो रकाना स्वतः येऊन वाचला आणि त्यांच्या वहीत सातवं कारण घालता येईल का याचा पुष्कळ दिवस विचार केला.

पुढच्या हंगामात त्याच दहा जणींनी त्या वावराचा असा पहारा केला, की वेचणीच्या पहिल्या सकाळी त्यांनी खुद्द इद्रिसलाच आत जाऊ दिलं नाही. बसंतीबाई येऊ दे, मग पाहू, म्हणाल्या. त्यानं बांधावर उभं राहून याडीची वाट पाहिली. त्याला पदवी मिळाली. त्या वाढीव वर्षात संध्याकाळी त्यानं मला बीजगणित शिकवलं. मी आज शाळेत जे शिकवते त्यातलं पुष्कळ त्याचं आहे. आता तो त्याच्या देशात कापूस खात्यात मोठा अधिकारी आहे. दरवर्षी वेचणीच्या सुमाराला त्याचं पत्र येतं, आणि पहिली ओळ याडीला असते.

याडी गेल्यावर बारा दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर, बापू म्हणाले, "इद्रिसले कळवाले पाह्यजे. तू लिही, मी सांगतो."

मी कागद घेतला. बापू खाटेवर बसून छपराकडे पाहत हळूहळू सांगत होते. तब्येत बरी होती. त्रास झाला नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा तुझी गोष्ट सांगून हसली. मी लिहीत होते.

"लिही," बापू म्हणाले, "तुह्या याडीनं कोनाले न इचारता तुहा कापूस वेचला, अन् तशीच कोनाले न इचारता गेली." ते हसले आणि त्यांनी डोळे पुसले.

मी लेखणी खाली ठेवली.

"बापू," मी म्हटलं, "तिनं इचारलं होतं. मले इचारलं होतं. मी पुस्तकातून मान वर न काढता हो म्हनलं, अन् इतके वर्सं सगळ्याइले तिच्यावर हसू देल्लं."